सी शिकवण्याआधी टर्मिनल दाखवा

जुलैमध्ये एफवायचे वर्ग सुरू झाले, की राज्यातल्या कितीतरी कॉलेजांच्या लॅबमध्ये आजही तीच निळी खिडकी उघडते. टर्बो सी. बोरलँड कंपनीनं तो १९८७ साली बाजारात आणला, तेव्हा आजच्या विद्यार्थ्यांचे आईवडीलच शाळेत होते. आताच्या विंडोजवर तो सरळ चालत नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये जुनं डॉस उभं करायचं आणि त्याच्या आत तो चालवायचा. मुलं त्यात व्हॉइड मेन लिहितात, क्लियरस्क्रीन लिहितात, शेवटी गेटसीएच टाकतात, कंट्रोल आणि एफ-नाइन दाबतात आणि आउटपुटचा स्क्रीनशॉट जर्नलला चिकटवतात. सहा महिन्यांनी यातल्या एखाद्याला विचारा, 'तुझा प्रोग्रॅम डिस्कवर नेमका कुठं आहे?' बहुतेकांना सांगता येत नाही. तो टीसीच्या बिन फोल्डरमध्ये, कंपायलरच्या स्वतःच्या फायलींच्या गर्दीत, आठ अक्षरांत कसंबसं बसवलेलं नाव घेऊन पडलेला असतो.

मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स आणि बीसीएच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, घरी कॉम्प्युटर नसलेली मुलं माझ्या वर्गात जास्त. त्यांना शिकवता शिकवता माझं मत पक्कं झालं आहे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याकडून प्रोग्रॅमची पहिली ओळ लिहून घेण्याआधी त्याला दोन आठवडे युनिक्सच्या टर्मिनलवर, म्हणजे माउसऐवजी कमांड टाइप करून काम करायच्या खिडकीवर, बसवावं, आणि त्यापुढचं सगळं प्रोग्रॅमिंग तिथंच शिकवावं. पहिली भाषा सी असो नाहीतर पायथन, यात फरक पडत नाही. दुसऱ्या वर्षाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात पाच मार्कांची टीप लिहिण्यापुरता युनिक्स ठेवणं म्हणजे मुलांचं पहिलं वर्ष वाया घालवणं आहे.

युनिक्स म्हणजे काय, हे इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली. तिच्या वळणावर लिनस तोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत जे लिहिलं, ते लिनक्स. आज 'युनिक्स शिकवतो' असं आम्ही म्हणतो तेव्हा लॅबमध्ये असतं ते लिनक्सच. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी तेच आहे. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सखेरीज दुसरं काही नाही, आणि पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्मही त्यावरच चालतो.

सी भाषा तर युनिक्सच्याच कामासाठी घडली. रिची यांनी ती तयार केली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा त्याच भाषेत नव्यानं लिहिला गेला. त्यामुळे भाषेतल्या कितीतरी गोष्टींचा अर्थ युनिक्सवर बसल्याशिवाय लागतच नाही. मेनच्या आधी इंट का लिहायचं? टर्बो सीमध्ये याला उत्तर नाही, कारण प्रोग्रॅमनं परत केलेला आकडा तिथं कुणी विचारत नाही. टर्मिनलवर विचारतात. प्रोग्रॅम संपला, की इको लिहून पुढे डॉलर आणि प्रश्नचिन्ह द्यायचं. शून्य आलं तर काम सुरळीत झालं, दुसरं काही आलं तर कुठंतरी अडलं. दोन कमांडच्या मध्ये दोन अँपरसँड टाकले, तर पहिली यशस्वी झाली तरच दुसरी चालते: कंपाइल कर, आणि झालं तरच चालव. वर्गात हे करून दाखवलं, की 'रिटर्न झिरो' ही पाठ करायची ओळ राहत नाही. तो निरोप कुणाला जातो आणि तो घेणारा पुढे काय करतो, हे मुलं स्वतः बघतात.

इनपुटचंही तसंच. पाच विषयांचे मार्क घेऊन टक्केवारी काढायचा प्रोग्रॅम प्रत्येक कॉलेजात असतो. त्यात चूक सापडली, की मूल दुरुस्ती करतं, पुन्हा चालवतं आणि पाचही आकडे पुन्हा टाइप करतं. तिसऱ्या वेळेला कंटाळून सगळीकडे एकच आकडा टाकतं आणि चूक लपून राहते. टर्मिनलवर मार्क एका फाइलमध्ये लिहून ठेवायचे आणि प्रोग्रॅमच्या नावापुढे डावीकडे तोंड असलेला बाण काढून ती फाइल द्यायची. प्रोग्रॅमला कळतही नाही, की समोर कीबोर्ड नसून फाइल आहे. अपेक्षित उत्तर दुसऱ्या फाइलमध्ये ठेवलं, की डिफ ही कमांड दोन्हींतला फरक ओळीनिशी सांगते. प्रोग्रॅम तपासायचा कसा, हे पहिल्याच महिन्यात मुलांना यायला हवं. टर्बो सीमध्ये तीन वर्षं घालवूनही ते येत नाही.

आणि चुकांबद्दल. स्कॅनएफमध्ये अँपरसँड विसरणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. डॉसमध्ये मेमरीला संरक्षण नाही, त्यामुळे तो आकडा भलत्याच ठिकाणी जाऊन पडतो आणि प्रोग्रॅम कधी चालल्यासारखा वाटतो, कधी अख्खं मशीन अडकतं. लिनक्सवरचा जीसीसी हा कंपायलर, सगळ्या इशाऱ्यांचा पर्याय दिला तर, चालवण्याआधीच ओळ क्रमांकासह बजावतो. तरी चालवलं, तर बहुधा सेगमेंटेशन फॉल्ट येतो: ज्या मेमरीवर तुझा हक्क नाही तिथं तू हात घातलास, म्हणून तुला थांबवलं. बाकीचं मशीन शांतपणे चालू राहतं. पहिल्यांदा ते वाचून मुलं घाबरतात. पण पॉइंटर म्हणजे काय, हे फळ्यावर चौकोन काढून जितकं कळत नाही तितकं या एका संदेशावरून कळतं.

मला सर्वांत आवडणारा तास मात्र वेगळाच आहे. टर्मिनलवर 'मराठी' हा शब्द लिहायचा आणि पाइपमधून, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला जोडणाऱ्या चिन्हातून, डब्ल्यूसी या मोजणाऱ्या कमांडला द्यायचा. त्याआधी वर्गाला विचारायचं, उत्तर किती येईल? सगळे म्हणतात तीन: म, रा, ठी. बाइट मोजायला सांगितल्यावर येतात १५. कॅरेक्टर मोजायला सांगितल्यावर येतात पाच. तीन, पाच आणि १५, आणि तिन्ही बरोबर! मग फळ्याकडे वळायचं. म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी, अशी पाच चिन्हं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. आता गावाचं नाव साठवायला पुस्तकात दिलेला वीस कॅरेक्टरचा ॲरे घ्या आणि त्यात 'कोल्हापूर' भरून बघा. नऊ चिन्हं, २७ बाइट, आणि शेवटचा शून्य वेगळा. मावत नाही. स्ट्रिंग, ॲरेची मर्यादा आणि मेमरी ओलांडणं, तिन्ही धडे आपल्याच भाषेतल्या एका गावाच्या नावात.

हे यूटीएफ-८ सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर आखलं गेलं. आखणारे केन थॉम्पसन आणि सोबतीला रॉब पाइक. युनिक्स लिहिणाऱ्याच माणसानं केलेल्या त्या योजनेमुळे आज आपली मराठी वेबवर आणि फोनवर बिनघोर फिरते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला हे सांगितलं, की ती जरा ताठ बसते, हे मी पाहिलं आहे.

'हे पुण्या-मुंबईच्या मुलांना जमेल, आपल्याकडच्यांना नाही,' असं म्हणणारे भेटतात, आणि बहुतेक वेळा ते आमच्यातलेच शिक्षक असतात. त्यांना मी १९७१ सालची गोष्ट सांगते. बेल लॅब्जमध्ये युनिक्ससाठी पीडीपी-११ हे यंत्र मिळालं ते मजकूर तयार करण्याची व्यवस्था बनवून देतो या बोलीवर. त्या वर्षाच्या उत्तरार्धात पेटंट विभागातल्या तीन टायपिस्ट दिवसभर त्यावर पेटंटचे अर्ज टाइप करत, दुरुस्त करत, छापायला तयार करत. यंत्राची मेमरी होती २४ किलोबाइट, डिस्क ५१२ किलोबाइट. शेजारी मूळ निर्माते आपलं संशोधन करत होते आणि त्याच यंत्रावर या टायपिस्टचं रोजचं काम बिनबोभाट चाललं होतं. १९७१ मध्ये टायपिस्टना जे जमलं, ते २०२० नंतरच्या, हातात फोन घेऊन वाढलेल्या मुलांना जमणार नाही, हे मला पटत नाही.

उलट मला तर इथं समतेची एक संधी दिसते. माउस आणि मेनूच्या जगात ज्याच्या घरी पाचवीपासून कॉम्प्युटर आहे तो पुढे असतो. टर्मिनलवर एलएस, सीपी, एमव्ही, ग्रेप हे शब्द इंग्रजी माध्यमातल्या मुलालाही तितकेच नवे असतात. पहिल्या आठवड्यात सगळे एकाच रेघेवर उभे राहतात. आमच्याकडे एक जुना सर्व्हर आहे. त्यावर प्रत्येक विद्यार्थ्याचं स्वतःचं लॉगिन, स्वतःची होम डिरेक्टरी. हू लिहिलं, की आत्ता कोणकोण बसलंय ते दिसतं, राइट कमांडनं पलीकडच्या रांगेतल्या मैत्रिणीला निरोप जातो. मग कुणाच्या तरी लक्षात येतं, की दुसऱ्याची असाइनमेंट आपल्याला वाचता येते. त्या दिवशी मी चेंज-मोड शिकवते. वाचण्याचा, लिहिण्याचा आणि चालवण्याचा हक्क कुणाला द्यायचा, हे प्रत्येकानं आपापल्या फायलींसाठी ठरवायचं. परवानग्यांचा धडा इतक्या आस्थेनं शिकलेला मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही.

पाइपचंही असंच. बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवलं होतं, की बागेतल्या नळीचे तुकडे जसे एकमेकांना जोडतात तसे प्रोग्रॅम जोडता आले पाहिजेत. १९७३ मध्ये ते युनिक्समध्ये आलं. आमच्या मुलांना ही उपमा समजवावी लागत नाही, ठिबकची नळी जोडून झाल्यावरच कॉलेजला येणारी मुलं आहेत ही. पुढे १९८६ मध्ये डोनाल्ड क्नूथ यांनी मजकुरातले सर्वाधिक वेळा येणारे शब्द शोधणारा, कित्येक पानांचा सुरेख प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. त्याचं परीक्षण करताना मॅकिलरॉय यांनी तेच काम सहा कमांडच्या एका पाइपलाइनमध्ये करून दाखवलं. मी तोच प्रयोग मराठी अग्रलेखावर करवून घेते. प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर आणायचा, सॉर्ट करायचा, युनिकनं मोजायचा, पुन्हा आकड्यानुसार उलटा सॉर्ट करायचा. पहिला शब्द 'आहे' येणार की 'आणि', यावर वर्गात दोन तट पडतात.

पण शिकवण्याचं खरं चीज कुठं होतं ते सांगते. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील गावातलं दूध संकलन केंद्र चालवतात. रोज सकाळ-संध्याकाळची नोंद होते: सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार निघतो. रकान्यांतल्या नोंदींवर हिशेब करणारी ऑक ही कमांड शिकवली त्या आठवड्यात या मुलानं मशीनमधली दहा दिवसांची नोंद पेन ड्राइव्हवर आणली. आधी एका ओळीत प्रत्येक सभासदाचं एकूण दूध काढलं. मग फॅट-एसएनएफचा दरतक्ता दुसऱ्या फाइलमध्ये लिहिला, ऑकला आधी तो वाचायला लावला आणि प्रत्येक नोंदीला तिचा दर लावून रक्कम काढली. दोन दिवस तो अडला होता, कारण काही नोंदींत दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम होता. ते त्यानं ग्रेपनं हुडकून काढलं. ॲरे, फाइल वाचणं, अट, अशुद्ध माहिती साफ करणं, सगळं त्यात आलं, आणि त्याला कुणी असाइनमेंट दिलेली नव्हती. वडिलांना त्याचा कागद दाखवताना मुलानं 'हे कसं केलं' तेही सांगितलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता हरकती. कंपन्यांत विंडोज असतं, हे खरं आहे. पण त्याच मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय दिली, कारण प्रोग्रॅमरना ते हवं होतं. भरतीच्या ऑनलाइन परीक्षांमधला कंपायलर बहुधा लिनक्सवरचाच असतो. तिथं आमची मुलं सवयीनं पहिल्या ओळीत टर्बो सीची कोनिओ ही हेडर फाइल लिहितात आणि 'अशी फाइलच नाही' हे उत्तर वाचून गोंधळतात. मशीन जुनी आहेत म्हणाल, तर विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढची आवृत्ती न पेलणारे संगणक ग्रामीण कॉलेजांत ढिगानं पडून आहेत, आणि त्यांवर हलकं लिनक्स उत्तम चालतं. ज्याच्याकडे फक्त फोन आहे त्यानं टर्मक्स हे ॲप घ्यावं. त्यात सी कंपाइल होतं, ऑक चालतं, बस स्टँडवर बसून सराव होतो. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं लिनक्सचे आणि सीचे धडे मराठीतही करून ठेवले आहेत. आणि एआय कोड लिहून देतं, मग हे कशाला, असं विचारणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: दिलेला कोड बरोबर आहे की नाही, हे तुम्ही कुठं आणि कसं तपासणार?

एक सावधगिरी मात्र हवी. काही शिक्षक पहिल्याच दिवशी व्हीआय एडिटर समोर ठेवतात. त्यातून बाहेर कसं पडायचं हेच मुलांना कळत नाही आणि युनिक्सची धास्ती बसते. नॅनोनं सुरुवात करावी, व्हीआय दिवाळीनंतर. आरएमनं पुसलेली फाइल रिसायकल बिनमधून परत येत नाही, हे मात्र पहिल्याच तासाला, दोनदा सांगावं.

खरी अडचण मुलांची नाहीच. मागे एका प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आमच्या एका विद्यार्थिनीचे मार्क कापले. प्रोग्रॅम अचूक होता, उत्तर बरोबर होतं. कारण काय, तर क्लियरस्क्रीन नाही, गेटसीएच नाही आणि व्हॉइडच्या जागी इंट लिहिलंय. १९८९ मध्ये सीचं प्रमाण ठरलं तेव्हापासून मेन इंटच परत करतं. ती मुलगी नंतर मला विचारत होती, 'मॅडम, मग बरोबर काय होतं?' तिला काय बरोबर ते मी सांगितलं, पण गुणपत्रिकेवर ते कधीच दिसणार नाही. मुलांना जुनं शिकवणं एक वेळ परवडेल, बरोबर लिहिणाऱ्याला शिक्षा होणं परवडणारं नाही.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे सगळीकडे अभ्यासक्रम नव्यानं लिहिले जात आहेत, म्हणून हे आत्ताच बोलायला हवं. अभ्यास मंडळांनी पहिल्या सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांची प्रॅक्टिकल्स टर्मिनलसाठी ठेवावीत आणि त्यांना मार्क द्यावेत, कारण मार्क नसलेलं आमच्याकडे कुणी शिकवत नाही. परीक्षेत विद्यार्थ्याला एक इनपुट फाइल आणि एक अपेक्षित आउटपुटची फाइल द्यावी. त्याच्या प्रोग्रॅमचं उत्तर डिफनं तपासावं आणि मग दहा मिनिटं तोंडी विचारावं. परीक्षकांना जाणाऱ्या सूचनांत टर्बो सीच्या खास ओळींसाठी मार्क देऊ वा कापू नयेत, असं स्पष्ट लिहावं. आणि शिक्षकांसोबत लॅब असिस्टंटनाही प्रशिक्षण द्यावं. लॅबमध्ये काय बसवायचं हे शेवटी तेच ठरवतात, आणि त्यांना आजवर कुणी काही विचारलेलं नाही. आमची लॅब मे महिन्यात रिकामी असते. आसपासच्या कॉलेजांतले शिक्षक आणि असिस्टंट येणार असतील, तर आठवडाभर शिकवायला मी तयार आहे. येताना आपल्या कॉलेजातलं अडगळीत टाकलेलं एखादं मशीन आणावं, जाताना त्यावर लिनक्स बसवून न्यावं.